आर्डिसने कापलेल्या केबली

माझी भावजय आर्डिस आणि मी, आमचं कधीच पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक केलं तर नात्यातलं म्हणून केलं असं कुणी म्हणायला नको. माझा भाऊ लेलंड तिला लग्न करून शेतावर घेऊन आला, तेव्हा पहिल्याच रविवारी तिनं आमच्या आईला सांगितलं, की तुमच्या कॉफीला चव नाही. खरं होतं ते. आमच्या घरच्या कॉफीत कपाचा तळ दिसायचा. पण खरं असलं म्हणून पहिल्याच रविवारी बोलायचं? मी तेव्हाच ठरवलं, ही कानामागून आली आणि तिखट झाली.

ती शाळेची बस चालवायची. उंची इतकी बेताची, की बुडाखाली उशी घेतल्याशिवाय तिला समोरचा रस्ता दिसत नसे. एका हिवाळ्यात बर्फाचं वादळ येऊ घातलं होतं आणि शाळेच्या साहेबांनी बस लवकर सोडा असं सांगितलं. बाकी सगळ्यांनी सोडल्या. आर्डिसने किल्ली काढून कोटाच्या खिशात घातली आणि आपली पोरं परत शाळेत नेऊन बसवली. ‘मला रस्ता दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल तर तुम्ही चालवा,’ असं तिनं साहेबांना पोरांसमोर सुनावलं. त्या दिवशी बाकीच्या सगळ्या बस सुखरूप घरी पोचल्या. साहेबांनी मग तिला काही दिवस घरी बसवलं. त्या दिवसांत तिनं स्वयंपाकघराला डोळ्यांत खुपेल असा पिवळा रंग दिला आणि कामावर परत गेल्यावर माफी मात्र मागितली नाही. ‘त्या पोचल्या ते नशिबाने,’ म्हणायची. ‘नशिबाला काय, पगार द्यावा लागत नाही. ते केव्हाही सुट्टी घेतं.’

लेलंड अगदी उलट. त्याच्यासारखा शांत माणूस आमच्या अख्ख्या तालुक्यात नव्हता. गाईसुद्धा त्याच्या हाताखाली उभ्याउभ्या डोळे मिटायच्या. गाई विकल्यावर त्याने यंत्रांच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं. दोन माणसांचं, एकापुढे एक बसायचं, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि डोक्यावर लाकडी पंख. आमच्याकडे असे वेडे बरेच आहेत. गावाबाहेर गवताची धावपट्टी आहे, तिच्या कडेला विमानं ठेवायचे टपऱ्यांसारखे हँगर आहेत, आणि शनिवारी सकाळी तिथे पॅनकेक असतात. ते पॅनकेक माझे. मी स्वतः कधी काही बांधलं नाही, पण इतकी वर्षं तव्यामागे उभी राहून ऐकलंय, की कुणाच्या इंजिनाला काय झालंय ते मी आवाजावरून सांगू शकते.

लेलंडने सांगाडा उभा केला, शेपटी लावली, पायाने दाबायच्या दांड्यांपासून शेपटीतल्या सुकाणूपर्यंत केबली ओढल्या. मग एका वसंतात, शेडच्या दारातच, त्याचं हृदय बंद पडलं. पंख तेव्हा नुसते फळ्यांच्या रूपात भिंतीला टेकून उभे होते.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. तिथेच नॉर्बर्ट झास्ट्रो तिच्याजवळ आला. नॉर्बर्ट ट्रॅक्टर दुरुस्त करतो, आणि विमानवाल्या मंडळींच्या क्लबचा तो म्होरक्या. लेलंडचा जिवलग मित्र. त्याने डोळे पुसत सांगितलं, ‘आर्डिस, विमानाची काळजी करू नकोस. क्लब घेईल ते.’

‘मी विकायला काढलंय असं कुणी सांगितलं तुला?’ आर्डिस म्हणाली.

‘तसं नाही गं. पण तू काय करणार त्याचं?’

‘विमानाचं काय करतात, नॉर्बर्ट?’

तिनं दुसऱ्याच आठवड्यापासून पंखांच्या फासळ्या कापायला सुरुवात केली. शिवाय शेजारच्या गावी जाऊन विमान चालवायला शिकू लागली. मला राग आला, लपवत नाही. भावाचं अर्धं राहिलेलं काम म्हणजे माझ्या दृष्टीने देवघर होतं, आणि ही बाई तिथे करवत घेऊन शिरली होती. गावातले लोक मात्र हळवे झाले. ‘मन रमवतेय बिचारी,’ असं जो तो म्हणायचा. पोस्टात, शुक्रवारी मासळी खायला जमतात त्या हॉटेलात, पाद्रीबुवांच्या तोंडीसुद्धा तेच. एकदा पाद्रीबुवा तिलाच म्हणाले, ‘मन रमवायला काहीतरी हवंच, आर्डिस.’ ती म्हणाली, ‘मन रमवायला मी पत्ते खेळते. हे मी उडायला बांधतेय.’ ते हसले. सगळेच हसायचे, मायेने. त्या मायेचीच तिला चीड होती.

आमच्याकडे एक रीत आहे. विमानाच्या सांगाड्यावर कापडाचं आवरण चढवायच्या आधी, आतलं उघडं असताना, सगळ्यांना बोलवायचं. कापड चढलं की आतलं काही दिसत नाही, म्हणून त्याआधी जितके डोळे फिरतील तितके बरे. येणाऱ्याच्या हातात चिकटपट्टीची गुंडाळी द्यायची. जिथे शंका येईल तिथे त्याने पट्टीचा तुकडा लावायचा, कारण सांगायचीही गरज नाही. बांधणाऱ्याने रागवायचं नाही, हा नियम. पट्ट्या जितक्या जास्त तितका मालक भाग्यवान, असं मानतात. नॉर्बर्टच्या स्वतःच्या विमानावर इतक्या लागल्या होत्या, की लांबून पिसं लावल्यासारखं दिसत होतं, आणि तो अजून त्याची फुशारकी मारतो.

आर्डिसनेही बोलावलं. सप्टेंबरातला शनिवार, मक्याची कापणी अजून सुरू व्हायची होती, त्यामुळे झाडून सगळे आले. मी शेडबाहेर तवा मांडला होता. सॉसेज परतत होते आणि आतून येणारी बडबड ऐकत होते. लोक वाकून, आडवे होऊन, आरसे आणि बॅटऱ्या घेऊन बघत होते. पट्ट्या फाडल्याचा चर्र चर्र आवाज येत होता. मला बरं वाटलं. म्हटलं, निदान नीट तपासताहेत.

मग तो आवाज थांबला आणि आर्डिसचा आवाज आला.

‘नॉर्बर्ट, तुझं गेज दे.’

सांगते कशाचं ते. केबलच्या टोकाला फास करायचा असतो. तांब्याच्या एका नळीतून केबल घालायची, पोलादी खोबणीभोवती वळवायची, परत त्याच नळीतून आणायची, आणि मग ती नळी यंत्राने दाबून क्रिंप करायची. आधी मधोमध, मग फासाकडे, मग शेपटाकडे. आत गाठ नाही, जोड नाही, नुसत्या त्या दाबावर केबल धरलेली असते, आणि केबलवर माणूस. दाब पुरेसा बसला की नाही ते डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी पत्र्याची छोटी चकती असते, तिला खाच. दाबलेली नळी त्या खाचेत शिरली तर ठीक. नाही शिरली तर दाब कमी पडला. मग ती टाकून द्यायची.

‘घरी राहिलं बहुतेक,’ नॉर्बर्ट म्हणाला.

‘मग कमरेला किल्ल्यांत लोंबतंय ते काय आहे?’

मी सॉसेज तव्यावर तसेच सोडून आत गेले. विमान पट्ट्यांनी भरलं होतं. सीटवर, तळाच्या फळीवर, पंखांच्या फासळ्यांवर, आर्डिसने जिथे जिथे हात लावला होता तिथे पट्टी. शेपटीपर्यंत गेलेल्या केबलींवर मात्र एकही नाही. लेलंडच्या कामावर एकही नाही. अगदी स्वच्छ, कुंपण घातल्यासारखं.

आर्डिसने नॉर्बर्टच्या कमरेची किल्ली-साखळीच ओढून घेतली. खाली बसली आणि सुकाणूच्या केबलीची पहिली नळी गेजात घालून पाहिली. शिरली नाही. दुसरी. शिरली नाही. तिनं एकेक करत सगळ्या पाहिल्या. एकही शिरली नाही.

तिनं साखळी नॉर्बर्टच्या हातात परत ठेवली.

‘तू बघितलंस,’ ती नॉर्बर्टला म्हणाली. ‘सकाळी तू अर्धा तास इथे आडवा होतास. तू बघितलंस आणि पट्टी लावली नाहीस.’

‘आर्डिस...’

‘आणि तू, डेलबर्ट? तुझ्याकडेही गेज आहे. तू?’

डेलबर्ट हा चीजच्या कारखान्यातला, क्लबातला सगळ्यात जुना माणूस. तो वाकून बुटाची नाडी बांधायला लागला.

राग मला आला, पण त्यांचा नाही. तिचा आला. ‘लोकांसमोर काय चालवलंयस हे?’ मी म्हटलं. ‘त्याच्या हाताला नावं ठेवतेस? अख्ख्या तालुक्यात कुणाचं कुंपण ढिलं पडलं तर लेलंडला बोलवायचे!’

‘कुंपणच म्हणते मी,’ आर्डिस म्हणाली. ती उठली, भिंतीवरून लांब दांड्यांचं क्रिंपर काढलं आणि माझ्या हातात दिलं. ‘हे बघ. ओळखतेस?’

ओळखलं ना. आमच्या वडिलांचं होतं ते. कुरणाच्या कुंपणाच्या तारा आम्ही त्यानेच जोडायचो. मी लहान होते तेव्हा एक दांडा मी धरायची आणि एक लेलंड. त्याचे जबडे इतक्या वर्षांत झिजून गुळगुळीत झाले होते. लेलंडने विमानाच्या केबलीही त्यानेच दाबल्या होत्या. बाहेरचा कुणी असता तर त्याने नवं आणलं असतं. पण घरात चांगलं क्रिंपर भिंतीला टांगलेलं असताना दुसरं विकत आणणारा माणूस आमच्या भागात जन्माला यायचाय.

‘कुंपण तुटलं तर गाय मक्यात जाते,’ आर्डिस म्हणाली. ‘हे तुटलं तर कोण कुठे जातं?’

मी क्रिंपर परत भिंतीला टांगलं. पटलं मात्र नव्हतं.

नॉर्बर्टला मात्र आता सूर सापडला. ‘गेज म्हणजे काही बायबल नाही,’ तो म्हणाला. ‘थोडंसं कमी बसलं असेल. लेलंडच्या हाताला कळायचं. ताण देऊन बघू, मग बोल.’

सगळ्यांना हे आवडलं. माणसं लगेच हलली. सुकाणूची एक केबल सोडून बाहेर काढली. एक टोक शेडच्या खांबाला, दुसरं नॉर्बर्टच्या ट्रॅक्टरला, मधे गुरं तोलायचा मोठा काटा. ट्रॅक्टर इंचाइंचाने पुढे सरकला. केबल ताठ झाली, वाजायला लागली. काटा चढत गेला. पाय कितीही जोरात मारला तरी त्या केबलीवर जेवढा भार येणार नाही, तेवढा आला आणि त्याच्याही पुढे गेला. नळी जागची हलली नाही.

टाळ्या पडल्या. डेलबर्टने टोपी काढून हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी भावजयीकडे असं बघितलं, की आता बोल.

‘बरं,’ आर्डिस म्हणाली. ‘धरलं. मग ठरलं तर. पहिलं उड्डाण तू कर, नॉर्बर्ट.’

‘हो, म्हणजे लेलंडशी बोलणं झालंच होतं, की पहिल्यांदा मीच...’

‘याच केबलींवर. आज आहेत तशाच. मी परत लावते आणि कापड चढवते. लेलंडचा हात तुला माहीत आहे, गेजची गरज नाही. तू बस. आम्ही सगळे बघायला उभे राहतो. इर्मा पॅनकेक करेल.’

नॉर्बर्टने ट्रॅक्टरच्या चाकाकडे पाहिलं. मग हातातल्या पान्याकडे. मग आपल्या बायकोकडे, जी दारात उभी होती आणि जिने चेहऱ्यावरची रेषही हलवली नाही.

‘बोल की,’ आर्डिस म्हणाली.

तो बोलला नाही. माझ्या भावाचा जिवलग मित्र, आत्ता टाळ्या वाजवणारा, भावाच्या कामावर स्वतःचा जीव टांगायला तयार नव्हता.

‘म्हणजे तुझ्यासाठी ते चालत नाही. माझ्यासाठी चालतं,’ आर्डिस म्हणाली. ‘का रे? मी मेले तर चालेल म्हणून?’

‘काय बोलतेस!’ नॉर्बर्टचा चेहरा लालबुंद झाला. ‘तुझ्या केसालाही धक्का लागू नये असं वाटतं आम्हाला. अगं, तू काय खरंच... आम्हाला वाटलं...’

‘काय वाटलं?’

त्याला बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही. सकाळी न बोलून खोटं निभावलं होतं, तोंडाने निभावेना. ‘आम्हाला वाटलं, तू ते पूर्ण करशील. छान रंग देशील. आणि मग आपण क्लबच्या छताला टांगू. लेलंडच्या नावाने. पितळी पाटीपण करायला दिलीय.’

म्हणजे झालं. कुणालाच वाटलं नव्हतं की हे विमान कधी उडेल. जे उडणारच नाही त्याच्या केबली कोण मोजतं? तिच्या कामावर पट्ट्या लावल्या त्यासुद्धा तिचं मन रमावं म्हणून, खेळातल्या दुकानात लहान मुलाकडून सामान विकत घेतात तशा. आणि लेलंडच्या कामाला हात लावला नाही, कारण तो गेला होता. मेल्या म्हशीला मणभर दूध. जिवंत असता तर याच लोकांनी त्याच्या केबलींवर पट्ट्यांचा ढीग लावला असता, आणि तो हसत हसत नव्या करायला बसला असता.

आर्डिसने आरडाओरडा केला नाही. तिला रडूही आलं नाही, किंवा आलं असेल तर तिनं ते दाखवलं नाही. ती शेडमध्ये गेली, आम्ही मागोमाग, आणि केबल कापायचा कटर घेऊन ती विमानाशी उभी राहिली.

‘पाटी कुणाला टांगायची असेल तर आपापल्या घरात टांगा,’ ती म्हणाली. ‘मी चाळीस वर्षं या माणसाबरोबर संसार केला. त्याच्या पायाला जुनी जखम होती ती रोज रात्री मी बांधायचे. तुम्ही त्याच्यावर प्रेम करायचं मला शिकवू नका. माझं त्याच्यावर प्रेम होतं. त्याच्या क्रिंपरवर नव्हतं.’

आणि तिनं पहिली केबल कापली.

तो आवाज मी विसरणार नाही. कट् करून एक, आणि तार सापासारखी उसळून जमिनीवर. मग दुसरी. ‘थांब!’ मी ओरडले. मी पुढे होऊन तिचा हातही धरला. तिनं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नजरेत माझ्याबद्दल चीड नव्हती, फक्त थकवा होता.

‘इर्मा, हात सोड. नाहीतर मला सांग की याच्यात तू बसशील.’

मी हात सोडला.

तिनं सगळ्या कापल्या. लोक एकेक करून निघून गेले. जाताना कुणी नेहमीसारखं ‘पुन्हा भेटू’ म्हणालं नाही. सॉसेज जळून कोळसा झाले होते. नॉर्बर्ट सगळ्यात शेवटी गेला, आणि गेज तिथेच बाकावर ठेवून गेला.

त्या हिवाळ्यात आर्डिसशी क्लबातलं कुणी धड बोलत नव्हतं. भांडण कुणी केलं नाही, आमच्याकडे भांडत नाहीत. आमच्याकडे नमस्कार जरा आखडता घेतात आणि चर्चमध्ये दोन बाक मागे बसतात. ती मुद्दाम पुढच्या बाकावर बसायची आणि सगळ्यात मोठ्याने गायची, बेसूर. शनिवारी नाश्त्यालाही यायची. रिकाम्या टेबलाच्या मधोमध बसून दोन माणसांचे पॅनकेक खायची आणि कॉफीला चव नाही म्हणून सांगायची.

आणि मी? मी जानेवारीत एक दिवस तिच्या शेडमध्ये गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. नॉर्बर्टचं ते गप्प उभं राहणं डोक्यातून जात नव्हतं, हे एक. तिनं नवं क्रिंपर मागवलं होतं, त्याचे दांडे तिच्या हातांच्या मानाने लांब होते आणि तिला एकटीला जोर पुरत नव्हता.

‘धर,’ ती म्हणाली. ना ये, ना बस.

मी एक दांडा धरला. पहिला फास आम्ही इतका सुंदर केला, की मीच गेज घालून पाहिलं. मधोमध दाब, मग फासाकडे, मग शेपटाकडे. केबलचं टोक नळीबाहेर जरासं डोकावणारं. गेज लोण्यात सुरी जावी तसं गेलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलोसुद्धा. मग केबल विमानात ओढायला गेलो तर लक्षात आलं, की सीटमागच्या भोकातून ती आधी घालायची राहिली होती. फास आता त्या भोकातून जाणार नव्हता.

आर्डिसने अशी शिवी दिली की मी चर्चमध्ये वाढलेली बाई, मला दोन दिवस पुरली. मग तिनं कटर उचलला.

‘जरा भोकच मोठं केलं तर?’ मी म्हटलं.

‘तू खरंच लेलंडची बहीण आहेस,’ ती म्हणाली, आणि कापली.

काही आठवड्यांनी नॉर्बर्ट आला. हातात टोपी. आमचे दोन फास होईपर्यंत बघत उभा राहिला. शेवटी म्हणाला, ‘माझ्या विमानाच्या केबली मागाहून बदलल्या, त्या लेलंडनेच करून दिल्या होत्या. त्याच क्रिंपरने.’

‘माहीत आहे,’ आर्डिस म्हणाली.

‘बारा वर्षं उडतोय मी त्याच्यावर. काही झालं नाही.’

‘मग उड की.’

‘गेज देतेस का जरा?’

तिनं दिलं नाही. ‘विमान नाश्त्याला घेऊन ये,’ म्हणाली. ‘सगळ्यांसमोर बघू. शनिवारी. डेलबर्टलाही सांग.’

तो म्हणाला, की लोकांसमोर कशाला. ती म्हणाली, की सप्टेंबरात लोकांसमोर टाळ्या वाजवल्यास ना, तिथेच. तो रागाने गेला. दोन शनिवार आला नाही. तिसऱ्या शनिवारी घरी ठेवलेलं आपलं विमान ट्रेलरवर घालून, बर्फातून ओढत, सगळ्यांच्या नाश्त्याच्या वेळेला घेऊन आला आणि दारात उभा राहून ओरडला, ‘घ्या, चिकटपट्ट्या कुणाकडे आहेत?’ त्याच्याकडून मी त्या दिवशी पॅनकेकचे पैसे घेतले नाहीत.

मे महिन्यात सरकारचा तपासनीस आला, बघून गेला, कागद मिळाला. आर्डिसला परवाना आधीच मिळाला होता. पहिल्या उड्डाणाला धावपट्टीच्या कडेला सगळा गाव होता आणि यावेळी कुणी मन रमवण्याबद्दल बोलत नव्हतं. नॉर्बर्टने पुढे होऊन विचारलं, ‘मी नेऊ का वर पहिल्यांदा? अनुभवाचा माणूस बरा.’ खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं, पहिल्यांदा अनुभवी माणसानेच न्यावं असं सगळेच म्हणतात. पण ती अख्खा वसंतभर तसलंच दुसरं विमान चालवून तयारी करत होती आणि तिच्या शिक्षकाने हो म्हटलं होतं. ‘केबली मी केल्यात,’ ती म्हणाली. ‘त्यांची परीक्षा मी दुसऱ्याच्या मानेवर घेणार नाही.’ उशी घेऊन बसली. गेली. मैदानाला दोन फेऱ्या मारल्या, उतरताना एकदा उसळली, मग बसली. खाली उतरून आली तेव्हाही तोंड चालूच होतं. ‘पितळी पाटी कुणाकडे आहे? वितळवा आणि मला हातोडीच्या मुठीला पट्टी करून द्या.’

सरकारने ठरवून दिलेले तास एकटीने उडवल्याशिवाय दुसऱ्याला बसवता येत नाही. ते ऑगस्टअखेर झाले. त्या संध्याकाळी ती माझ्या दारात गाडी घेऊन आली आणि हॉर्न वाजवत बसली, शाळेची बस असल्यासारखी.

धावपट्टीवर नॉर्बर्ट वाट बघत उभा होता. असल्या विमानात चालवणारा मागे, म्हणून पुढच्या सीटवर मी बसले. पायाशी सुकाणूच्या केबली दिसत होत्या आणि त्यांच्या फासांवरचे दाब. त्यातले निम्मे माझ्या हातचे. आर्डिसने मागून माझे पट्टे ओढून घट्ट केले, इतके की श्वास अडकला.

‘इर्मा, एक विचारते. लेलंडने केलेल्या केबलींवर तू बसली असतीस?’

माझा भाऊ. माझ्या वडिलांनंतर मला ज्याने सांभाळलं तो. त्याने नुसतं ‘इर्मा, चल’ म्हटलं असतं तर मी त्याच्यामागून कुठेही गेले असते, असं मी आयुष्यभर सांगत आले होते, आणि ते सांगताना माझा ऊर भरून यायचा. मी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच.

‘नाही,’ मी म्हटलं.

‘मीही नसते बसले,’ आर्डिस म्हणाली. ‘आणि त्याला तसं तोंडावर सांगितलं असतं. मग त्याने नव्या केल्या असत्या. माझा लेलंड तसा होता.’

तिनं इंजिन सुरू करायला नाकावरचा पंखा फिरव म्हणून नॉर्बर्टला हाक मारली, आणि आम्ही दोघी वर गेलो.